‘ग्लुटेनमुक्त’ पाकीट आणि अहवालातला एक शब्द

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅकचा आजार आहे, म्हणजे गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन तिला सोसत नाही, त्यामुळे गव्हाचा अंशही तिला चालत नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या दुकानातून ‘ग्लुटेनमुक्त’ असे ठळक छापलेली नाचणीची बिस्किटे आणली. ती खाल्ल्यावर दोन दिवस तिला उलट्या, जुलाब आणि पोटदुखी झाली. नंतर पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘गव्हावर प्रक्रिया होणाऱ्या जागेत तयार केलेले’ असे वाचले. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. अधिकारी दुकानात येऊन नमुना घेऊन गेले, पण माझे उघडलेले पाकीट त्यांनी घेतले नाही. ‘लेबलचा विषय आहे, दंड होईल’ एवढेच म्हणाले. त्याला अकरा आठवडे झाले. कंपनीचा माणूस ते पाकीट परत मागतो आहे आणि बदल्यात पैसे व भेटीचा डबा देऊ म्हणतो. दुकानदाराने बोलणे टाकले आहे. शेजारी व्हिडिओ टाका म्हणतात. सरकारी यंत्रणा खरोखर काही करते का, आणि मी काय करावे? मुलगी आता बरी आहे. (नाव छापू नये.)

सप्रेम नमस्कार.

मुलगी बरी आहे हे तुम्ही शेवटच्या ओळीत का होईना लिहिलेत, त्यामुळे पुढचे सारे शांतपणे लिहिता येते. तुमच्या प्रश्नांपैकी तातडीचा प्रश्न कंपनीच्या माणसाचा आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो. पाकीट त्याला देऊ नका. उरलेल्या बिस्किटांसह ते एका स्वच्छ, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा. पाकिटाच्या सर्व बाजूंची छायाचित्रे अशी काढा की बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक स्पष्ट वाचता येईल. दुकानाचे बिल औष्णिक कागदावर असेल तर त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा, कारण त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात आणि ज्या दिवशी बिल लागते त्याच दिवशी ते कोरे निघते, असा माझा अनुभव आहे.

कंपनीला आपला माल खरोखर तपासायचा असेल तर तिला तुमच्या घरातल्या पाच-सहा बिस्किटांची गरज नाही. बरे कारखाने प्रत्येक बॅचचा राखीव नमुना स्वतःजवळ ठेवतात. त्या माणसाशी फोनवर घासाघीस करण्यापेक्षा कंपनीच्या पत्त्यावर एक छोटे पत्र पाठवा, त्यात बॅच क्रमांक द्या, त्या बॅचमधील ग्लुटेन तपासल्याचा अहवाल मागा, ही बॅच बाजारातून परत घेणार आहात का असे विचारा आणि पत्राची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांना द्या. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २८ प्रमाणे, आपला माल कायद्याला धरून नाही असे मानण्यास कारण असेल तर तो परत बोलावण्याची आणि तसे अधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी उत्पादकावरच आहे, आणि त्याची कार्यपद्धती सांगणारे स्वतंत्र विनियम २०१७ पासून अस्तित्वात आहेत. तुमचे पत्र पोचल्याची पावती हाती आली की ‘आम्हाला कळलेच नव्हते’ असे म्हणण्याची सोय कंपनीला उरत नाही.

आता अधिकाऱ्यांनी तुमचे पाकीट का घेतले नाही याकडे वळू. तुम्हाला ती टाळाटाळ वाटली हे स्वाभाविक आहे, परंतु या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. मी काही वर्षे अन्नाच्या प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या टेबलावर काढली आहेत. तिथे येणारा नमुना जाड कागदात गुंडाळलेला असतो, कागदाची टोके दुमडून चिकटवलेली असतात, त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याची (म्हणजे त्या भागातल्या अन्न सुरक्षेच्या कामावर कायद्याने नेमलेल्या प्रमुखाची) सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली चिठ्ठी वरपासून खालपर्यंत डकवलेली असते, वरून मजबूत दोरा आडवा-उभा बांधलेला असतो आणि त्या दोऱ्यावर लाखेचे किमान चार ठसे असतात, एक माथ्यावर, एक तळाशी आणि दोन अंगावर. ज्याच्याकडून नमुना घेतला त्याची सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनावर येईल अशी घेतात, म्हणजे चिठ्ठी काढून दुसऱ्या पुडक्याला लावली तर सही तुटते. सीलचा नमुना-ठसा वेगळ्या पाकिटातून येतो आणि दोन्ही ठसे शेजारी धरून जुळवल्याशिवाय पुडके उघडायचे नसते. ठसा फुटका निघाला म्हणून बाजूला ठेवलेले नमुने मी पाहिले आहेत, आणि त्या वेळी मलाही ते बारकावे त्रासदायक वाटत असत.

हा सारा खटाटोप अशासाठी की पुढे कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की तपासलेला माल आमच्याच कारखान्यातून निघाला होता आणि वाटेत त्यात कोणी काही घातले नाही हे कशावरून. तुमच्या घरी उघडलेल्या पाकिटाबद्दल या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्याच डब्यात कधी पोळी ठेवली होती का, एवढे विचारले की प्रकरण संपले. कलम ४७ नुसार अधिकाऱ्याने घेतलेला नमुना चार भागांत विभागला जातो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे नमुना तपासून अहवाल देणाऱ्या नियुक्त तज्ज्ञाकडे, जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि चौथा, व्यावसायिकाने मागणी केल्यास, अधिस्वीकृत (तपासणीची रीतसर मान्यता मिळालेल्या) प्रयोगशाळेत पाठवता येतो. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निष्कर्ष अंतिम मानला जातो. पाकीटबंद मालाच्या बाबतीत याचा व्यवहारातला अर्थ असा की एकाच बॅचची न उघडलेली पुरेशी पाकिटे दुकानात मिळायला हवीत.

प्रक्रियेतली कसर किती महाग पडते याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण मॅगी नूडल्सचे आहे. जून २०१५ मध्ये अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने शिसे आणि लेबलवरील दाव्याच्या मुद्द्यावर त्या नूडल्सवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. कंपनीला म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त होती त्यांना आवश्यक ती अधिस्वीकृती नव्हती, ही त्यामागची मुख्य कारणे होती. न्यायालयाने तीन अधिस्वीकृत प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करण्यास सांगितले. माल दोषी होता की निर्दोष, या वादात मी इथे शिरत नाही. एवढ्या मोठ्या कारवाईचे भवितव्य नमुना आणि प्रयोगशाळा यांच्यावर ठरले, हे तुमच्या प्रकरणापुरते लक्षात घ्यावे.

अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. ‘लेबलचा विषय आहे, दंड होईल’ हे ते सवयीने बोलले असावेत, पण तुमच्या बाबतीत सारा प्रश्न तिथेच आहे. कायद्यात सदोष अन्नाचे तीन मोठे वर्ग आहेत. ‘कमी दर्जा’ म्हणजे मानकांत न बसणारा माल, त्यासाठी कलम ५१ खाली पाच लाख रुपयांपर्यंत दंड. ‘मिथ्याछाप’ म्हणजे खोटे, दिशाभूल करणारे किंवा अपुरे लेबल असलेला माल, त्यासाठी कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड. हे दोन्ही दंड न्यायनिर्णय अधिकारी सुनावणी घेऊन ठरवतो आणि त्यात तुरुंगाचा प्रश्न येत नाही. तिसरा वर्ग ‘असुरक्षित’ अन्नाचा, आणि त्यासाठी कलम ५९ खाली न्यायालयात खटला चालतो. कोणाला इजा झाली असेल तर, ती गंभीर नसली तरी, एक वर्षापर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गंभीर इजेसाठी ती सहा वर्षांपर्यंत जाते आणि मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी आहे.

लोकांना, आणि खरे सांगायचे तर काही अधिकाऱ्यांनाही, असे वाटते की ‘असुरक्षित’ म्हणजे ज्यात विष, बुरशी किंवा अळ्या आहेत तेच. कायद्याची व्याख्या त्याहून बरीच रुंद आहे. ‘असुरक्षित अन्ना’च्या व्याख्येत जी कारणे एकामागून एक दिली आहेत त्यांत असेही एक कारण आहे की माल मिथ्याछाप, कमी दर्जाचा किंवा बाह्य पदार्थ असलेला असल्यामुळे आरोग्यास अपायकारक ठरतो. नाचणीच्या बिस्किटात गव्हाचे पीठ मिसळले गेले तर बहुतेकांच्या दृष्टीने ती लेबलची चूक असते आणि बिस्किट निर्धोकच राहते. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलासाठी तेच बिस्किट लहान आतड्याच्या अस्तराला इजा करणारे आहे, आणि ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द त्याच ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून छापलेला असतो. ज्यांना गहू चालतो त्यांना तो शब्द वाचण्याची गरजच नसते. म्हणून माझ्या मते असा माल ‘मिथ्याछाप’ एवढ्यावर थांबत नाही, तो ‘असुरक्षित’ या वर्गात विचारात घेतलाच पाहिजे, आणि तुम्ही हे म्हणणे लेखी मांडले पाहिजे. ते मान्य होईलच असे वचन मी देऊ शकत नाही, कारण कैदेची शिक्षा असलेल्या प्रकरणात खटल्याला अन्न सुरक्षा आयुक्तांच्या स्तरावर मंजुरी लागते आणि तिथे पुरावा बारकाईने तोलला जातो.

तो पुरावा कुठून येणार, हा यापुढचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. विश्लेषकाकडे ‘बिस्किटे’ म्हणून नमुना गेला की तो बिस्किटांची नेहमीची तपासणी करतो, म्हणजे आम्लात न विरघळणारी राख, काढलेल्या स्निग्धांशाची आम्लता, न चालणारे रंग, आणि मग लेबलवरचा मजकूर. ही सगळी तपासणी बिनचूक पार पडून अहवालावर ‘मानकांप्रमाणे’ असा शेरा येऊ शकतो, आणि तरीही ग्लुटेन किती होते हे कोणी मोजलेलेच नसते. ग्लुटेनची तपासणी वेगळी आहे, ती प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझा पद्धतीने करतात आणि प्रत्येक प्रयोगशाळेत ती सोय असतेच असे नाही. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या अन्नात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. २० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर त्याला फार तर ‘अल्प ग्लुटेन’ म्हणता येते. अंदाज यावा म्हणून सांगतो, किलोमागे २० मिलिग्रॅम म्हणजे दहा ग्रॅमच्या एका बिस्किटात एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. ज्या पट्ट्यावर सकाळी गव्हाची बिस्किटे गेली त्याच पट्ट्यावर नुसते झाडून दुपारी नाचणीची घातली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. पाकिटामागच्या बारीक अक्षरांतल्या इशाऱ्याचा रोख याच शक्यतेकडे आहे. एका बाजूला ठाम दावा आणि दुसऱ्या बाजूला सावध इशारा, असे दोन्ही छापण्यात कारखानदाराचा धूर्तपणा असतो की आळस, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा याच आठवड्यात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे पुरवणी तक्रार द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. त्यात मागील तक्रारीचा क्रमांक व तारीख, पाकिटाचा बॅच क्रमांक आणि मुलीच्या आजाराचे वैद्यकीय निदान लिहून तीन मागण्या करा. घेतलेला नमुना याच बॅचचा होता का ते सांगावे. ग्लुटेनचे प्रमाण त्या तपासणीसाठी अधिस्वीकृत असलेल्या प्रयोगशाळेतून तपासावे. आणि दुकानात ही बॅच शिल्लक नसेल तर वितरकाकडे किंवा कारखान्यात तिचा शोध घ्यावा. बॅचवर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे: कलम २६ प्रमाणे एखाद्या बॅचमधले अन्न असुरक्षित आढळले तर, सविस्तर तपासणीने उलट सिद्ध होईपर्यंत, ती सबंध बॅच असुरक्षित आहे असे गृहीत धरले जाते. तुमच्या मुलीने खाल्लेले पाकीट कायद्याच्या कक्षेत येण्याचा हाच एक सरळ रस्ता आहे. तुमच्या घरचे उघडे पाकीट पुरावा म्हणून दुबळे असले तरी कोणत्या बॅचचा शोध घ्यायचा हे तेच दाखवते, आणि त्यासाठीच ते जपायचे.

डॉक्टरांकडून त्या दोन दिवसांच्या उपचारांची नोंद तारखेसह लेखी घ्या. रक्ततपासणी केली असेल तर तिचा अहवालही जोडा. इजा झाल्याचे दाखवणारा कागद जोडलेला नसेल तर वर सांगितलेला कैदेचा मुद्दा आणि पुढे येणारी भरपाई या दोन्ही गोष्टी हवेतच राहतात.

तुम्हाला स्वतःलाही नमुना तपासून घेता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ४० प्रमाणे कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि अहवालात कायद्याचा भंग आढळला तर ते शुल्क परत मिळण्याचा त्याला हक्क आहे. अट अशी की आपण हा माल तपासणीसाठी घेत आहोत हे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगितले पाहिजे. म्हणून त्याच बॅचची बंद पाकिटे कुठे दिसली तर गुपचूप घेऊन येऊ नका. तसे सांगूनच घ्या, बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या आणि शक्य असल्यास सोबत एखादा साक्षीदार न्या.

अकरा आठवड्यांबद्दल. कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत आणि तेवढ्यात तो देता आला नाही तर त्याने कारणासह तसे कळवायचे असते. अहवाल विरुद्ध गेला तर व्यावसायिकाला अपिलासाठी ३० दिवस मिळतात. अपील झाले आणि नमुना रेफरल प्रयोगशाळेत गेला तर आणखी काही आठवडे जातात. म्हणजे अकरा आठवड्यांत निकाल नसणे हे एवढ्यावरून संशयास्पद ठरत नाही. अकरा आठवड्यांत तुम्हाला एका ओळीचेही उत्तर नसणे मात्र अयोग्य आहे, आणि एकेका अधिकाऱ्यावर किती गावांचा भार असतो हे ठाऊक असूनही मी त्याचे समर्थन करणार नाही. खटल्याच्या बाबतीत कलम ७७ ची मुदतही डोळ्यांसमोर ठेवा: गुन्ह्याच्या तारखेपासून एक वर्ष उलटल्यावर न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही, आयुक्तांनी कारणे नोंदवून मान्यता दिली तरच ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढते. तुमच्या हातात अजून नऊ महिने आहेत.

माहिती मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, पण तो जपून लिहा. ‘कारवाई का झाली नाही’ असे विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे ठरलेले उत्तर येते. कागद मागावेत: नमुना विश्लेषकाकडे पाठवल्याची तारीख, नमुन्याचा बॅच क्रमांक, कोणत्या घटकांसाठी तपासणी मागितली त्याची प्रत, अहवालाची प्रत आणि त्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. तपास चालू असल्याचे कारण सांगून अहवाल नाकारला गेला तरी तारखा नाकारण्याचे कारण सहसा नसते, आणि तुम्हाला आधी तारखाच हव्या आहेत.

भरपाईचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ मध्ये इजा झालेल्या ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. गंभीर इजेसाठी ती तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी एक लाखापर्यंत आहे, पण ती प्रशासनाच्या कारवाईच्या ओघात येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाणे हा तुमचा स्वतंत्र हक्क आहे, त्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि मोबदल्याची, म्हणजे मालासाठी मोजलेल्या किमतीची, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. तिथे घाईने जाण्यापेक्षा प्रशासनाचा अहवाल हाती येईपर्यंत थांबावे, असे मला वाटते. अहवाल नसेल तर आयोगापुढे तुमचा शब्द आणि कंपनीचा शब्द एवढेच उरतात.

व्हिडिओ टाकू नका. निदान अहवाल येईपर्यंत तरी नको. तुमच्याकडे आज जे आहे त्यावरून ‘या बिस्किटात गहू आहे’ असे जाहीरपणे म्हणणे सिद्ध करता येणार नाही आणि बदनामीची नोटीस सर्वांत आधी तुमच्याच दारात येईल. सीलिअ‍ॅकग्रस्त मुलांच्या पालकांशी तुमचा संपर्क असेल तर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्यांना जरूर पाठवा आणि मागचा इशारा वाचायला सांगा. छापलेला मजकूर दाखवण्यात बदनामी नाही.

राहता राहिला दुकानदार. तो बोलत नाही कारण त्याला भीती वाटते की दंड त्याच्या माथी बसेल. कायदा उत्पादक आणि विक्रेता यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या धरतो. मुदत संपलेला माल विकणे, तो घाणीत ठेवणे, किंवा असुरक्षित आहे हे ठाऊक असून घेणे, अशा गोष्टींत विक्रेता अडकतो. बंद पाकीट जसे आले तसे त्याने विकले असेल आणि कोणाकडून घेतले हे त्याला सांगता येत असेल, तर त्याची बाजू बरीच सावरते. हे सांगता येण्यासाठी त्याला एकच कागद लागतो, वितरकाने त्याला दिलेले खरेदीचे बिल. त्याच बिलावरून ही बॅच आणखी कोणत्या दुकानांत गेली हेही कळेल. संध्याकाळची गर्दी टाळून एकदा त्याच्याकडे जा आणि ते बिल शोधून अधिकाऱ्यांना द्या, एवढेच सांगा.

तुमचा,
सल्लागार